सागवानावरची हिरवी चटई

आलापल्लीच्या सोमाजीभाऊंना सावलीहून मुखरूचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आणि सुगंधावहिनींचं बीपी कसं आहे? आमच्याकडे तब्येती ठीक, फक्त माझी मान खाली आहे. कारण रविवारी तुम्ही अर्धं गाव घेऊन विद्यापीठाच्या क्रीडा हॉलमधली तुमच्या डेपोतल्या सागवानाची फरशी पाहायला येताय, आणि ती फरशी आता दिसत नाही.

आधी मागचं सांगतो. तिथं पूर्वी शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरायच्या. मैदान झालं तेव्हा मी डोक्यावर घमेलं घेऊन मुरूम टाकला. सिमेंटचं कोर्ट झालं तेव्हा मिस्त्री होतो, वर टिनाचं छत चढलं तेव्हा ठेकेदार. (हॉल सुधारत गेला तसा मीही, फरक एवढाच की हॉलचा नकाशा तरी मंजूर होता.) या वेळी लाकडी फरशी करायची ठरली, तेव्हा हॉलची कमिटी म्हणाली, बाहेरचं लाकूड मागवू. मी उभाच राहिलो. सागवानाच्या मुलखात बाहेरचं लाकूड काऊन? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे सागवानाला नाही म्हणायची हिंमत कोणाची?

फरशी आरशासारखी झाली, आणि घोळ तिथंच झाला. लाकडातल्या तेलामुळे पॉलिश नीट धरेना. तीन हात मारले तरी पाय सरकायचा. तुमची लेक दिव्यानी बॅडमिंटनची कॅप्टन. सरावाला नेटजवळून निघाली, ती भिंतीपाशी बसलेली सापडली. (लागलं नाही, वहिनींना सांगू नका.) मी म्हटलं, होईल सवय. तर म्हणते, "काका, फरशी लय सुंदर हाय, पन हे पाह्याले हाय, खेळाले नाई. सामन्याले बाहेरच्या पोरी येऊन राह्यल्या, त्याईचे पाय मोडाचे हायेत का?" कमिटीत एवढी माणसं, पण बोलली ही एकटी.

मग सागवानावर रबराची हिरवी चटई अंथरली, माझ्याच हातानं. अंथरताना मनात आलं, सगळ्यात खाली बैलांच्या खुरांची माती, तिच्यावर माझा मुरूम, माझं सिमेंट, तुमचं सागवान. आणि पोरी त्या सगळ्यावर उड्या मारताहेत. वाईट वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही.

तुमचा,
मुखरू

ता.क. गावकऱ्यांसाठी दाराजवळ चटईचा एक कोपरा उचलता येईल असा ठेवलाय.

आणखी एक ता.क. डेपोत लाकूड निवडताना तुम्ही माझ्या पाठीमागे पुटपुटला होता, "सागवानाच्या आंगात तेल असते, खेळाच्या फरशीले नोको घेऊ." माझे कान तिखट, ऐकलं होतं. कमिटीला मात्र सांगितलं, सोमाजीभाऊंनीच शिफारस केली. रविवारी कोणी विचारलं, तर तेवढं सांभाळून घ्या.