बाबांची भिंत

प्रिय चिमणे,

समोरासमोर बोलायचा धीर होत नाही, म्हणून एकाच घरात राहून हा कागदाचा उद्योग. आई म्हणते, बापलेक दोघंही घुमे, आता पोस्टमनलाच जेवायला बोलवा!

क्लबच्या स्पर्धेचा चषक दुकानात चष्म्यांच्या कपाटावर ठेवलाय. गिऱ्हाईक अभिनंदन करतं आणि मी उगाच काचा पुसत बसतो. इतकी वर्षं क्लबात बुद्धिबळ खेळलो, पण हा कधी हाती लागला नव्हता. शेवटच्या फेरीत मला काळी मोहरी, समोर तू. मला बरोबरी पुरत होती. तुला संघात निवड व्हायला जिंकायलाच हवं होतं. मग मी माझी ती जुनी, भक्कम सुरुवात निवडली. तू घोडा काढलास, मीही घोडा काढला. वजिरांची मारामारी लवकरच उरकून टाकली. लहानपणी तू या खेळाला 'बाबांची भिंत' म्हणायचीस आणि वैतागून रडायचीस. त्यात माझं काही चुकलं नाही गं. बरोबरी हवी असेल तर काळ्यानं दारं-खिडक्या लावून बसावं, हे तुलाही मीच शिकवलंय.

पण घरी खेळताना आणखी एक सवय लावली होती मी. जेवायची वेळ झाली की मी हात पुढे करायचो, तू मिळवायचीस आणि डाव तिथंच बरोबरीत मिटायचा. त्या दिवशीही तू विचारात असताना मी हात पुढे केला. समोरचा विचार करत असताना बरोबरी विचारू नये, हेही माझंच शिकवणं. तू बावचळलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि हात मिळवलास. सवयच ती!

घरी येताना तू विचारलंस, मी जिंकत होते का. छे, त्या डावात काही उरलंच नव्हतं, असं मी सांगून टाकलं. काल तू पट माळ्यावर टाकलास. आपल्याला जिंकायची नजरच नाही, आता खेळणं बंद, असं आईला म्हणालीस. ते ऐकलं आणि मी ताटावरून उठून शिडी शोधायला लागलो.

पट खाली काढून तुझ्या टेबलावर मांडलाय, तेव्हा होता तस्साच. तुझा हत्ती सातव्या ओळीत घालून बघ. माझा उंट आणि घोडा, दोन्ही एकदम माराखाली येतात. एक जाणारच, आणि त्यामागून डावही. मला हे दिसलं होतं. पोरी, नजर तुझी चांगली शाबूत आहे. तुझा हात हत्तीकडे निघाला होता. तो पाहिला, म्हणूनच मी माझा पुढे केला.

तुझाच,
बाबा