गेटबाहेरचा फ्रिज

२ जानेवारी, सकाळी ७.१०
संकल्प: सकाळचा नाश्ता बंद. इंटरमिटंट फास्टिंग. होमलोनचा हप्ता वाढला तो याच महिन्यात, हा निव्वळ योगायोग.

५ जानेवारी
पूनम सागरमध्ये स्वतःचा टू बीएचके म्हणजे खायचं काम नाही. पगार आला की आधी हप्ता, मग मेंटेनन्स, उरेल ते निशिगंधाच्या हातात. कसं भागवते, मी विचारत नाही. बायकोवर विश्वास हवा. रात्री खिचडी. काल पण खिचडीच होती. पचायला हलकी.

११ जानेवारी
संतापजनक! सोसायटीच्या गेटबाहेर कोणीतरी फ्रिज आणून ठेवलाय. जास्तीचं अन्न ठेवा, ज्याला हवं त्याने न्या. उत्तनच्या कोणी टेरेझा आंटी चालवतात म्हणे. उद्या फ्लॅट विकायला काढला तर गिऱ्हाईक आधी काय बघेल? रांग! रेट पडणार. हे थांबवायलाच हवं.

१२ जानेवारी
आंटींना भेटून स्पष्ट सांगितलं, इथे सगळे ओनर राहतात, भुकेलं कोणी नाही. त्या म्हणाल्या, "बाबा, फ्रिज रोज संध्याकाळपर्यंत रिकामा व्हतो हाय. कोण नेतो ते मी बघत न्हाय."
बाहेरचे लोक येतात, दुसरं काय.

१७ जानेवारी
सह्यांची मोहीम सुरू. जिना चढताना दोनदा चक्कर आली. फास्टिंग लागू पडतंय. घरी मात्र जेवण एकदम सुधारलंय. परवा पनीर, काल छोले, आज चक्क फुगे, ते ख्रिश्चन लोक लग्नात करतात ते मैद्याचे गोल. निशिगंधाला विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, यूट्यूब. त्याच पैशात एवढं सगळं! मॅनेजमेंट शिकावं तर हिच्याकडून.
सही कर म्हटलं, तर हात पिठाचे आहेत म्हणाली. (पीठ दिसलं नाही.)

२५ जानेवारी
मीटिंग गाजवली. ठराव पास. चौथ्या मजल्यावरचे शिवदासकाका तेवढे उठून म्हणाले, राहू द्या हो, कोणाच्या तरी उपयोगी पडतं. म्हातारी माणसं भावुक असतात.

१ फेब्रुवारी
विजय! फ्रिज टेम्पोत चढला. आता गोडदेवला ठेवणार आहेत. खुशाल ठेवोत. आता रेट बघा.

१ फेब्रुवारी, रात्री ८.३०
ताटात दोन चपात्या आणि लोणचं. भाजी कुठाय, विचारलं. निशिगंधा शांतपणे म्हणाली, "टेम्पोत गेली."
मी हसलो. ती हसली नाही.
मग म्हणाली, "तीन आठवडे तेच खात होतात. पनीर, छोले, फुगे, सगळं. माझ्या हातात उरतं त्यात महिन्याची वीस तारीखही गाठता येत नाही. सांगितलं असतं तर तुम्ही जेवला नसतात."
भूक नाही म्हणालो. तिने तिची चपाती माझ्या ताटात वाढली. खाल्ली.

४ फेब्रुवारी
निशिगंधाला ताप. मी जातो म्हटलं. जाऊन फक्त व्यवस्था बघायची होती.
गोडदेवला पोचलो तर रांगेत माझ्यापुढे शिवदासकाका. म्हणाले, असंच, फिरायला आलो होतो. मी म्हणालो, मी पण.
घाईत घरून जो हाताला लागला तो स्टीलचा डबा उचलला होता. आंटींनी घेतला, उलटासुलटा केला, झाकणावर कोरलेलं मोठ्याने वाचलं: "वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट."
मग खूश होऊन म्हणाल्या, "अरे वा, नवीन घर घेतला?"
हो म्हणालो. टू बीएचके.
त्यांनी डबा काठोकाठ भरून दिला.