मेघनाचं सिलेक्शन

ट्रॉय, शनिवार, १२ एप्रिल १९८६

आज मेघनाचं रग्बीचं सिलेक्शन. खरं लिहायचं तर सकाळी देवापुढे मी म्हटलं होतं, हिची निवड नको होऊ दे. एवढ्या दांडग्या अमेरिकन मुली अंगावर येणार! हे टूरवर, म्हणून मीच तिला घेऊन गेले.

मग मला काय झालं कुणास ठाऊक. दोघींनी तिला चिखलात पाडलं, तरी पडता पडता तिनं बॉल मागच्या मुलीला दिलाच. आणि मी ओरडले, "ऊठ मेघना, पळ!" चक्क मराठीत. सगळे बघायला लागले. मी अशी ओरडणारी कधी झाले?

कोच ऑस्ट्रेलियन आहे, तिकडे बरीच मुलं घडवलेला. माझ्याकडे येऊन म्हणाला, "ताकद वाढवता येते. पडतानाही बॉल विसरायचा नाही, हे शिकवायला मला वर्षं लागतात. घेतलं तिला."

पडतानासुद्धा! माझी मुलगी!

ती धावत आली. "आई, आय मेड इट! नो, डोन्ट हग मी, युअर कोट!"

कोट गेला खड्ड्यात. घट्ट मिठी मारली.

येताना ती गाडीत नियम समजावत होती आणि मी इतके प्रश्न विचारत होते, की हायवेवरून घराकडे वळायची आमची एक्झिट दोनदा चुकली.