तन्वीची गोळी

४ नोव्हेंबर
पोचले एकदाची मालवणात. सांगलीपासून एसटीने अंग आंबलं होतं, पण जिथे नोकरी लागलीय ते भाईंचं मेडिकल बघितलं आणि शीण गेला. भर बाजारात, स्वच्छ, औषधं नीट लावलेली. भाईंनी आल्याआल्या सोलकढी पाजली. म्हणाले, इथे माणसं डॉक्टरपेक्षा काउंटरवरच्या माणसाला जास्त विचारतात, तेव्हा नम्रता, जपून बोलायचं. मला हसू आलं. शिकून फार्मासिस्ट झाले ती बोलायलाच की.

७ नोव्हेंबर
तोंडवलीची जानकी आली होती. मासे विकते. तिची तन्वी नऊ वर्षांची, तिला सीलिअ‍ॅक आहे. गव्हाचा कणही आतड्याला सोसत नाही. त्यात फिट्स येतात, म्हणून रोज दोन गोळ्या. नेहमीच्या कंपनीची गोळी येईनाशी झालीय. डॉक्टरांना फोनवर विचारून तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं. जानकीने विचारलं, "ह्येच्यात गहू नाय मां?"
पाकिटावर फक्त औषधाचं नाव. गोळी बांधायला काय घातलंय ते कुठेच नाही. बहुतेक मक्याचा स्टार्च असतो. मागे पाचसहा माणसं खोळंबली होती. चालेल, मी म्हणाले.

२१ नोव्हेंबर
तन्वीला दहा दिवस जुलाब. पोट फुगलंय, हातपाय काड्या. घरात भात, मासे आणि तांदळाची भाकरी, दुसरं काही शिरत नाही, असं जानकी सांगत होती. गोळीचं तिच्या मनातही आलं नाही. माझ्या आलं. कंपनीला फोन केला. मेल करा म्हणाले. केला.

२५ नोव्हेंबर
उत्तर आलं. स्टार्च वापरतात, कशाचा ते पुरवठादारावर. गहू नसल्याची हमी देता येत नाही.
जानकीला फोन करून सगळं सांगितलं. माझी चूक झाली, हेही. गोळी एकदम थांबवू नका, हे तीनदा बजावलं. डॉक्टरांनी स्टार्च नसलेलं पातळ औषध लिहून दिलंय. कोल्हापूरहून गुरुवारी येईल.

२७ नोव्हेंबर
लवूने, तन्वीच्या बापाने, परवाच गोळी बंद केली. स्वतःच्या हाताने पोरीला विष घालणार नाही म्हणाला. आज सकाळी ती पडवीत पडली. सात मिनिटं झटके — दवाखान्यात नेलंय.

२८ नोव्हेंबर
पार्सल आलं. त्यात ते औषध नाही. सोमवारी, म्हणतात.
तन्वी डोळे उघडते. बोलत नाही.

३० नोव्हेंबर
झोप नाही. जेवण नाही. भाई माझं ताट झाकून ठेवतात आणि दुकान उघडतात. रागावले असते तर —

१ डिसेंबर
तन्वीला घरी सोडलं. सोबत गोळ्या, तिसऱ्याच कंपनीच्या. पाकिटावर काही नाही. डॉक्टर शस्त्रक्रियेत, फोन बंद. कंपनीत रविवारी कोणी उचलत नाही. गोळी एक वाजता द्यायची. पावणेएक झालाय.
जानकी काउंटरपाशी उभी आहे. पाकीट माझ्या हातात ठेवलंय. रडत नाही, रागावत नाही.
"बाय, तूच सांग. दिवची की नको?"
दिली तर — नाही दिली तर —
ती माझ्या तोंडाकडे बघतेय. मी तिला