काळ्या रेक्झिनच्या पाकिटाची व्यवस्था

मी, शांताराम गुरुनाथ नलवडे, वय अडुसष्ट, हवाई दलातून निवृत्त ज्युनिअर वॉरंट ऑफिसर, मूळ गाव गडहिंग्लजजवळ, गेली एकतीस वर्षे राहणार चंडीगड, सेक्टर ४७, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ‘कोणाच्याही दडपणाशिवाय’ असे घालायला वकिलांनी सांगितले. दडपण आहे, पण ते हा कागद लिहू नये म्हणून आहे, लिहावा म्हणून नाही. तेव्हा ते वाक्य खरे धरायला हरकत नसावी.

माझा मुलगा प्रणव याला पोलिसांनी चुकून गोळी घातली, त्यात तो गेला. त्या खटल्यात येत्या गुरुवारी, २० नोव्हेंबरला, माझी साक्ष आहे. मी कोर्टात पोचलो तर हा कागद कपाटात पडून राहील. नाही पोचलो तर देवयानीने, म्हणजे माझ्या मुलीने, कलम चार सगळ्यात आधी वाचावे. घराचे नंतर बघता येईल.

कलम १. सेक्टर ४७ मधला हाउसिंग बोर्डाचा फ्लॅट, आतल्या सामानासह, देवयानीला. ती जवळच्या खरड गावात दोन खोल्यांत राहते, तिने इथे यावे. पण गुरुवार उलटेपर्यंत येऊ नये, लेकीलाही पाठवू नये. गेले नऊ दिवस समोरच्या बागेपाशी एक बिननंबरची मोटरसायकल उभी असते. दोघे आळीपाळीने बसतात. मी परवा त्यांना चहा नेऊन दिला. एक जण म्हणाला, “अंकल जी, उमर हो गयी, आराम करो.” मी म्हटले, “आराम गुरुवार के बाद.” चहा मात्र दोघांनी प्यायला.

कलम २. बँकेत जे असेल ते देवयानीला. सरकारने प्रणवसाठी देऊ केलेली मदत मी घेतलेली नाही. माझ्यामागेही कोणी घेऊ नये. ते पत्र ‘दुर्दैवी घटना’ म्हणते. पाऊस पडावा तशी गोळी पडली असे त्यांना म्हणायचे आहे काय?

कलम ३. माझी अवजारे. निळ्या पेटीतले पाने, पकडी, टॉर्क रेंच, सगळे देवयानीला. हसू नकोस पोरी, नळ तूच दुरुस्त करतेस, तुझा नवरा नाही. पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवली आहे. विमानावर काम सुरू करण्याआधी अवजारे मोजायची, संपल्यावर पुन्हा मोजायची, आणि एक पाना जरी कमी भरला तरी विमान हलू द्यायचे नाही. मी चौतीस वर्षे तेच केले. एकदा एका पकडीसाठी आम्ही अख्खा दिवस इंजिन उघडून बसलो होतो, साहेब लोक नुसते धुमसत होते. हे इथे लिहिण्याचे कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ४. काळ्या रेक्झिनचे पाकीट.

आमच्या घरात एक नियम होता आणि तो माझा होता. वर्दीवाल्याने हात केला की गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद, हँडब्रेक, आणि त्याने मागायच्या आत कागद हातात. माणसाला ताटकळत ठेवायचे नाही. दोन्ही पोरांकडून मी हे घोटून घेतले होते. कागदांचे पाकीट ड्रायव्हरच्या सीटखाली असायचे, कारण डॅशबोर्डचे झाकण मोडले होते आणि ते मी ‘करू, करू’ म्हणत राहिलो. गाडीचा नंबर कोल्हापूरचा, एमएच शून्य नऊ. बदलून घे म्हणून पद्मिनी, माझी बायको, मरेपर्यंत सांगत होती. मी म्हणायचो, आपली ओळख आहे ती, राहू दे.

३ मार्च २०२४, रविवार, दुपारचे साडेतीन. प्रणव मोहालीला नॉलेज सिटीत संशोधन करायचा. मुल्लानपूरकडच्या विहिरींच्या पाण्याचे नमुने घेऊन तो परत येत होता. पोलिसांना एक चंदेरी, परराज्याच्या नंबरची गाडी हवी होती. आमची गाडी चंदेरी. नाक्यावर हात झाला. माझ्या पोराने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केले, हँडब्रेक ओढला आणि कागद काढायला सीटखाली वाकला. ताठ झाला तेव्हा पाकीट छातीशी होते. गोळी लागली.

मी शिकवले तसेच त्याने केले. देवयानी म्हणते, “पापा, आपकी गलती नहीं थी.” तिला मराठी सगळे कळते, पण समजूत हिंदीत घालते. बाळा, मला रोज असे वाटते की मीच त्याला वाकायला लावले. हे कुणाला बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

पोलिसांनी सांगितले, गाडी थांबली नाही आणि मुलाने पिस्तूल काढले. मी पंचनामा मागवला आणि पेटीच्या यादीसारखा बोट ठेवून वाचला. हँडब्रेक ओढलेला. किल्ली बंद. पाण्याच्या बाटल्या बावीस, पाना एक, छत्री एक. एक गावठी पिस्तूल, जे माझ्या गाडीत कधीच नव्हते. आणि पाकीट नाही. एक वस्तू जास्त, एक वस्तू कमी. चौकशीवाल्या साहेबांना मी हे तीनदा सांगितले. त्यांनी ‘सद्भावनेने झालेली चूक’ असा अहवाल दिला. पिस्तूल सद्भावनेने आले का, ते मात्र लिहिले नाही.

घटनेनंतर चौदाव्या दिवशी सकाळी, फाटकाला दुधाची पिशवी लावायच्या खिळ्यावर, पंजाबी वर्तमानपत्रात गुंडाळलेले पाकीट मिळाले. मधोमध भोक. आतल्या आरसी बुकाला भोक, लायसन्सला भोक, फोटोतल्या गळ्याच्या खाली. ते कोणी ठेवले हे मी शोधले नाही. कोणी शोधू नये. त्याला पोरेबाळे असतील.

प्रणवचा फोन मी चौकशीत विश्वासाने दिला होता, तो कोरा होऊन परत आला. म्हणून पाकीट कोणाच्या हाती दिले नाही, वकिलांनाही फक्त फोटो दाखवला. ते कुठे आहे हे इथे लिहीत नाही. देवयानी, दहावीच्या निकालाच्या दिवशी तू जिथे लपून बसली होतीस, तिथे बघ. आणि मी नसलो तर ते स्वतःच्या हाताने न्यायाधीशांच्या टेबलावर ठेव, वर्तमानपत्रासकट. पोलिसाच्या हातात नाही, कारकुनाच्या हातात नाही. पावती घेतल्याशिवाय हलू नकोस.

कलम ५. ज्या उपनिरीक्षकाने गोळी झाडली त्यांचे नाव खटल्यात आहे, इथे घालत नाही. त्यांच्यासाठी प्रणवच्या लायसन्सची झेरॉक्स ठेवली आहे. ती त्यांना पोस्टाने पाठवावी. त्यांनी घाबरून गोळी झाडली हे मला मान्य आहे. माणूस घाबरतो. त्यानंतर पिस्तूल ठेवले ते घाबरून नाही. त्यांना फाशी व्हावी असे मला वाटत नाही. त्यांनी कोर्टात उभे राहून एवढेच म्हणावे की पोराच्या हातात कागद होते.

कलम ६. शेजारच्या खोसलाजींची अॅल्युमिनियमची शिडी माझ्या गॅलरीत आहे, ती परत करावी. वीस वर्षे एकमेकांच्या घरी लोहडी आणि गणपती केले. आज सकाळी साक्षीदार म्हणून सही करा म्हणालो तर म्हणाले, “नलवडे साहब, मुझे मत घसीटो.” माझा राग नाही. खोटे कशाला लिहू, आहे.

कलम ७. माझी स्कूटर कोणालाही देऊ नये, विकू नये. गेल्या मंगळवारी पुढच्या ब्रेकचा नट सैल होता. आपसूक ढिला झालेला नट आणि पाना लावून सोडलेला नट यांतला फरक मला अंधारात बोटांनी कळतो. त्याच्या कडांवर ताजे ओरखडे होते. फोटो काढून तारीख घातली आहे. स्कूटर आहे तशी, पुरावा म्हणून, ठेवावी.

कलम ८. माझा मृत्यू कसाही झाला, जिन्यावरून पडून, गाडीखाली, झोपेत हृदय बंद पडून, तरी शवविच्छेदन होऊन त्याचे चित्रीकरण हातात आल्याशिवाय मला अग्नी देऊ नये. माझा तोल उत्तम आहे. मी जिन्यावरून पडत नाही.

कलम ९. देवयानी, तुझ्या लेकीला माझा नियम शिकवू नकोस. कोणी थांबवले तर दोन्ही हात स्टिअरिंगवर, दिसतील असे, आणि विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. सहा वर्षांच्या पोरीसाठी आजोबाने हे लिहून ठेवावे, याची लाज ज्यांना वाटायला हवी त्यांना वाटो.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी देवयानीने करावी. यापूर्वी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

सही करण्यापूर्वी, त्याच दिवशी, दुपारी पाऊण वाजता वाढवलेला मजकूर: माझे जुने सहकारी देवेंद्र कुलकर्णी समोर बसले आहेत, दुसरा साक्षीदार मिळेना म्हणून आम्ही थांबलो होतो. घंटी वाजली. साध्या कपड्यांतले एक सरदारजी, वय चाळिशीचे. म्हणाले, “अंकल जी, सुना है आपको गवाह नहीं मिल रहा.” कोणी सांगितले, असे विचारले. म्हणाले, “थाने में हँस रहे थे.” सकाळी दहाला मी फक्त खोसलाजींना विचारले होते. कलम सहा मी बदलत नाही. शिडी परत करावीच.

त्यांनी कागद हिंदीत वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. कलम चारपाशी त्यांनी मला थांबवले. “जलाने को बोला था मुझे. अख़बार मेरे घर का है.” मी हात जोडले, म्हणालो, सही करू नका, जा. ते गेले नाहीत. गुरुवारी कोर्टातही येईन म्हणाले. मग पेन हातात घेऊन त्यांनी देवेंद्रला विचारले की असा कागद एका दिवसात होतो का, त्यांनाही करायचा आहे, गुरुवारच्या आत.

खालील दोघांच्या समोर मी सही केली, आणि त्यांनी माझ्या समोर केल्या.

मृत्युपत्र करणार: शांताराम गुरुनाथ नलवडे

साक्षीदार १: देवेंद्र यशवंत कुलकर्णी, निवृत्त वॉरंट ऑफिसर, मोहाली

साक्षीदार २: गुरमेल सिंग, हवालदार. सही गुरुमुखीत. पदापुढे स्वतःच्या हाताने लिहिले आहे: दिनांक ३ मार्च २०२४ रोजी नाक्यावर हजर.

स्थळ: चंडीगड
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार