झमकीयाडीचा गातानाचा फोटो

१४ मार्च १९६२, आर्णी
संध्याकाळी बंजाऱ्यांच्या तांड्यावर. होळीपर्यंत रोज लेंगी, म्हणजे त्यांची होळीची गाणी, म्हणतात, डफावर, उघड्या मैदानात. झमकीयाडी पुढे गाते, बाकीचे रिंगण धरून तिच्यामागे. तांड्यात सगळ्यांचीच आई, म्हणून याडी. साठी उलटली, पण आवाज अख्ख्या शिवाराला पुरतो. मुलगा हरी पलटणीत. होळीला रजा नाही मिळाली. त्याला तिचा गातानाचा फोटो पाठवायचाय, म्हणून मला बोलावणं. आर्णीत दुसरा फोटोवाला आहेच कोण!
फ्लॅशचा बल्ब उडवला तर सगळे दचकून थांबले. गाणंच तुटलं. पुन्हा नाही उडवायचा. मग तिपाई, दोन गॅसबत्त्या, अर्धा सेकंद. ओळ संपली की याडी क्षणभर स्थिर उभी राहते, तेवढ्यात साधलं.

१६ मार्च
फोटो एकदम स्वच्छ. अंगातल्या काचळीवरचा आरसा न् आरसा दिसतो. झ.याडीने हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.
"हे तं चूप उभी हाय. मी गाऊन राह्यली काय याच्यात?"
तोंड मिटलेलं! ओळ संपल्यावर काढला तर दुसरं काय होणार. पंधरा वर्षं नवरा-नवरीला "हलू नका" म्हणत काढतोय, तीच खोड. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१८ मार्च
कॅमेरा घरी ठेवून नुसता ऐकायला गेलो. सापडलं! चौथ्या ओळीच्या शेवटी ती सूर लांबवते. तोंड उघडं, मान वर, अंग हलत नाही. माझ्या मोजणीने चार आकडे. अर्ध्या सेकंदाला भरपूर.
घरी शमीमला म्हटलं, हे गणित अमरावतीच्या स्टुडिओवाल्यांच्याही डोक्यात यायचं नाही. बायकोच ती. "आधी फोटू तं काढा, मंग फुशारकी मारा."

२० मार्च, होळी
होळीच्या जाळाच्या उजेडावर सगळा भरवसा. अंधार पडायच्या आत तिपाई लावून बसलो. होळी पेटेचना. विचारलं, "कवा पेटवता जी?" सगळे हसायला लागले.
"आमची पहाटं पेटते, दादा. गावावानी नाही."
जन्म आर्णीत गेला नि हे माहीत नाही! आता इथेच मुक्काम. आभाळ भरून आलंय.

२१ मार्च
पहाटे होळी पेटली आणि पाऊस सुरू. बारीकच, पण वारा उलटसुलट. धूर थेट भिंगावर. छत्री कॅमेऱ्याला, मी भिजतोय. गाणं कोणी थांबवेना. पावसात याडीचा आवाज आणखी चढला. तीनदा सूर लांबला, तीनदा धूर आडवा. चौथ्यांदा वारा फिरला, जाळाचा उजेड तिच्या तोंडावर. दाबलं.
झालं. बहुतेक.

२२ मार्च
झालंच! याडी ठाम, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. भोवतीचं रिंगण फिरतंय, म्हणून पुसट. मागे जाळ, पुढे पावसाच्या रेघा. असा फोटो माझ्या हातून कधी झाला नव्हता. लिहून ठेवतो, कोणाला काय म्हणायचं ते म्हणो. शमीम बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "आता मारा फुशारकी."

२४ मार्च
झ.याडी आधी हसली, मग ओढणी डोळ्यांना लावली. "आता हरीले ऐकू जाईन." दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून मीच पोस्टात टाकला. एक प्रत दुकानाच्या काचेत. कापसाचा एक व्यापारी म्हणाला, "हाललाय की हा." त्याला बाहेरची वाट दाखवली.

२९ एप्रिल
हरीचं पत्र आलं. याडीला वाचता येत नाही, दुकानात घेऊन आली. मी वाचून दाखवलं. फोटो सगळ्या पलटणीने बघितला, उशाशी ठेवलाय. माझी छाती फुगली. खाली आणखी एक ओळ होती: "याडी, तू कोणती लेंगी म्हणून राह्यली होती?"
तिला आठवेना. त्या पहाटे वीस-पंचवीस तरी म्हटल्या असतील.
"तू तं समोर होता, दादा. सांग ना त्याले."
मी फक्त सूर कधी लांबतो तेवढंच ऐकत होतो. शब्द एकही नाही.
मग ती बाकावर बसली आणि हळू आवाजात एकेक म्हणून दाखवायला लागली. प्रत्येकीनंतर माझ्याकडे बघायची.
"हे होती काय?"
दुपारपर्यंत सात झाल्या.