कोठीची कडी आणि सुक्यामेव्याचा पाव

३ फेब्रुवारी, सोमवार

आणि वर भाऊ मलाच म्हणतो, ताई, तू दारं आपटतेस म्हणून होतं! कोठीच्या दाराची बाहेरची कडी सैल झालीय, दार जरा जोरात लावलं की ती आपली आपण खाली येते आणि कोयंड्यात जाऊन बसते. आतलं माणूस आत. आज मी वीस मिनिटं डब्यांमध्ये उभी. तीन महिने झाले भावाला सांगतेय, चार स्क्रू आहेत, पीळ. रविवारी करतो म्हणतो. कुठला रविवार ते सांगत नाही.

असू दे. मला आता काय त्याचं. मी चाललेय.

कोपऱ्यावरच्या बेकरीच्या काचेवर कागद लागलाय. बाई पाहिजे. वर राहायला खोली. खोलीला स्वतंत्र किल्ली. मी चौथी शिकले, पण एवढं एका दमात वाचलं. अकरा वर्षं या घरात वॉशिंग मशीनशेजारी झोपतेय. ते मशीन फिरायला लागलं की माझी खाट पण चालायला लागते.

बेकरीवाली माझ्याहून लहान आहे पण बोलते मास्तरणीसारखी. म्हणाली, शनिवारी स्वतःच्या हातचा सुक्यामेव्याचा गोड पाव आणा, मग बोलू. साच्यात भरून दोन तास फुगू द्यायचा, हात लावायचा नाही. मग ओव्हनमध्ये पाऊण तास, दार उघडायचं नाही. मी म्हटलं, बाई, तीस वर्षं स्वयंपाक करतेय. ती म्हणाली, म्हणूनच सांगतेय.

घरी सगळ्यांना सांगून टाकलं. बॅग पण भरली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला पाव. दोन तास म्हणजे लोकांना कामं नसतात म्हणून. मी वीस मिनिटं दिली. तेवढ्यात सहा वेळा कापड उचलून बघितलं, काही हालचाल नाही. टाकला ओव्हनमध्ये.

भावाने तो टेबलावर ठोकून दाखवला. म्हणाला, ताई, हा दारामागे ठेवू, दार आपटणार नाही.

यीस्ट जुनं होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

नवीन यीस्ट, ते पण दुप्पट. आज पूर्ण तासभर थांबले. ओव्हनमध्ये गेल्यावर मात्र लक्ष द्यावंच लागतं, जळला म्हणजे? मधोमध बसला. आत कच्चा, बेदाणे चिखलात रुतल्यासारखे.

भावजय म्हणाली, वन्सं, दर पाच मिनिटांनी दार उघडलंत तर आत गरम काय राहणार? मी म्हटलं, तू मला शिकवू नकोस, तुझ्या लग्नात जेवणावर देखरेख कोणी केली होती? ती म्हणाली, आठवतंय, भात कच्चा होता.

तिची नजर लागते. ती घरात नसताना करायला हवा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

निश्चय. आज हात लावणार नाही. लिहून ठेवते, म्हणजे पाळला जाईल.

१०.४० साच्यात भरून ठेवला.

१०.५५ एकदाच बोट लावलं. ते दाबणं नव्हे.

११.०५ दाबलं. फुगलाय की नाही हे कळायला नको?

११.१० पीठ खाली बसलं म्हणून परत मळलं. अक्रोड थोडे बाहेर आले, ते खाल्ले.

११.३० भावजयीची हाक. मी तिकडे गेलेच नाही, इथेच उभी. म्हणजे चिकाटी आहे माझ्यात.

१२.१५ तिसरा पण तसाच. मैद्यातच खोट आहे.

जर्दाळू एका पावापुरते उरलेत. उद्या शेवटचा. बॅगेतला साबण तेवढा काढून वापरला, बाकी बॅग भरलेलीच आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे झालं ते कोणाला सांगायचं नाही.

सकाळी नऊला भावजय दात दाखवायला गेली, भाऊ ऑफिसला. घर मोकळं. पाव साच्यात भरला, कापड घातलं. वरून लावायला बदाम आणायला कोठीत गेले. भावजयीने बदामाचा डबा सगळ्यात वर, माझा हात पुरणार नाही असा ठेवलेला. संतापाने दार ढकललं मागे. खट्.

ओरडले. शेजारचा पुरुष घरीच असतो. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

कोठीत बघायला काही नाही. दाराखालून एक फट, त्यातून ओट्याचा पाय दिसतो. पाव वर, मी खाली. एकदा पण बघता येईना. जीव नुसता कासावीस झाला, पोर तापाने फणफणत असल्यासारखा. पोत्यावर बसले. उठले. परत बसले. शेवटी डबे उंचीप्रमाणे लावले. मग बदाम खाल्ले. मग रडले थोडी, धुळीमुळे.

अकराच्या पुढे भावजय आली. पावलं ऐकली, हाका मारल्या. ओव्हनचं दार उघडल्याचा आवाज, लागल्याचा आवाज. मग पाऊण तास काही नाही. मग मला उघडलं. मी म्हटलं, बहिरी झालीस का? गालावर हात धरून म्हणाली, वन्सं, दाताच्या इंजेक्शनने कान पण बधिर झाला होता. दारापासून ओव्हन चार पावलं आहे!

पण पाव. साच्याच्या वर दोन बोटं आलेला, तांबूस, कापला तर प्रत्येक फोडीत बेदाणा, जर्दाळू, अक्रोड, जणू हाताने एकेक बसवलेला. बदाम तेवढे नव्हते.

शेवटी माझ्या हाताला गुण आहेच.

८ फेब्रुवारी, शनिवार

बेकरीवालीने डोळे मिटून खाल्ला. कामगारांना दिला, त्यांनी परत मागितला. म्हणाली, सोमवारी इथे माझ्यासमोर असाच करा, मग खोली तुमची. किल्ली गल्ल्यामागे खिळ्याला आहे, लाल दोऱ्यात. बघून ठेवली.

कोठीचं सांगितलं नाही. तिने विचारलं नाही.

जेवताना भाऊ म्हणाला, ताई, खरंच जाणार का? मी म्हटलं, कडी तेवढी बसव, माझ्यामागे तुझी बायको अडकेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

मुद्द्याचं लिहिते. त्यांचा ओव्हन भलताच मोठा, काच काळी, आतलं काय दिसणार? मग उघडावं लागतंच. तिने मला स्टूल दिलं, म्हणाली, बसा. बसून कोणी पाव करतं का?

तिने मोजलं. कापड अकरा वेळा, ओव्हनचं दार चार वेळा. मी धरते आठ आणि तीन.

पाव टोपी दाबून बसवल्यासारखा. ती रागावली नाही, तेच वाईट. म्हणाली, शनिवारचा पाव कोणाच्या हातचा? मी म्हटलं, माझ्या. शप्पथ. म्हणाली, पटतं, मळणं तुमचंच आहे. पण तो फुगत होता तेव्हा तुम्ही कुठे होतात?

मी साचा घासायला घेतला.

म्हणाली, शुक्रवारी दुसरी बाई येणार आहे. त्याआधी बसायला जमलं तर या.

किल्ली खिळ्यालाच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज भावाने सुट्टी काढली, आणि नेमका आजच स्क्रू ड्रायव्हर घेऊन कोठीच्या दाराशी बसला! म्हणाला, ताई, तुझं काम करून टाकतो. मी तो हातातून हिसकावला. म्हटलं, कडीला हात लावशील तर बघ. भावजय ओट्याकडे तोंड करून खोकली. हसत होती.

बॅगेतून टूथब्रश काढला. साड्या काढलेल्या नाहीत. खाट अजून मशीनशेजारीच, ती आज पण दारापर्यंत चालत गेली.

बेकरीवालीला चिठ्ठी लिहिली. फाटली तर असावी म्हणून इथे उतरवून ठेवते.

बाई, बसायचं मला जमणार नाही, खोटं कशाला सांगू. पण पाव मला येतो, तुम्ही खाल्लाय. तुमच्याकडे कोठी आहे का, आणि तिला बाहेरून कडी आहे का? असेल तर पाव साच्यात घातला की मला आत घाला आणि भाजून झाला की काढा. नसेल तर आमची काढून आणते, चारच स्क्रू आहेत. हो की नाही ते गुरुवारी दुकान बंद करायच्या आत कळवा.